नोमोलुन खातूनचा उंबरा

वान्यांगने चुलीशेजारचं जळाऊ लाकूड उचललं, दोन विटांवर आडवं ठेवलं आणि पलीकडे जाऊन उकिडवी बसली.

"ये. पाय वर. अजून वर."

आ-ल्यू लाकडापाशी येऊन थांबला. त्याने आधी लाकडाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि गुडघा पोटाला लागेल इतका उचलून पाय पलीकडे टाकला. दुसरा पाय आणताना तो डगमगला. वान्यांगचे हात आपोआप पुढे झाले, पण तिने ते आखडते घेतले. पोराने स्वतःला सावरलं, लाकडाला न शिवता दुसरा पाय ओढून घेतला आणि येऊन तिच्या मांडीवर आदळला. तिने त्याच्या छातीला कान लावला. परवापासून खोकला होता. आता घरघर ऐकू येत नव्हती, तरी ती जरा वेळ तशीच राहिली.

"जमलं की," भिंतीला टेकून बसलेला देगुई म्हणाला. तो तिचा नवरा, खानाच्या भट्टीवरचा ओतारी. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या जुन्या खुणा. "उद्या असाच गेला म्हणजे झालं. अजून एकदा घे करून."

"दमलाय तो."

"एकदाच."

तिने पोराला उचलून पुन्हा लाकडाच्या त्या बाजूला ठेवलं. या खेपेला आ-ल्यूने लाकडाला मुद्दाम लाथ मारली, ते गडगडत गेलं, आणि तो खिदळला. देगुईही हसला.

"तिथे असं केलंस ना," वान्यांग मोठ्या माणसाला सांगावं तसं पोराला म्हणाली, "तर बोरोल्दाइ तुझ्या आईची पाठ सोलेल."

आ-ल्यूने तिच्या तोंडात बोट घातलं.

बोरोल्दाइ नोमोलुन खातूनच्या डेऱ्याचा द्वारपाल. मंगोलांच्या डेऱ्याचा उंबरा म्हणजे घरधन्याची मान. त्यावर पाय पडला तर मानेवर पाय दिल्यासारखं. खानाच्या डेऱ्यात याची शिक्षा एकच होती. खातूनच्या डेऱ्यात काठ्या, आणि त्या मोजायच्या नाहीत अशी रीत. लहान मुलाला मारत नसत. ज्याने त्याला आत आणलं, त्याची पाठ धरत. म्हणून आ-ल्यू धरून उभा राहायला लागला त्या दिवसापासून वान्यांग रोज असं लाकूड मांडत होती. तिला खातूनच्या डेऱ्यात रोज जावं लागे, आणि पोराला मागे ठेवून जायचा तिचा धीर होत नसे.

कारागिरांच्या गल्लीत या नियमावरून विनोदही चालत. हिवाळ्याच्या सुरुवातीला पश्चिमेकडचा एक तांबड्या दाढीचा व्यापारी कुणा सरदाराच्या डेऱ्यातून उलट्या पावली निघताना उंबऱ्यावर धडपडला होता. दुभाषी म्हणून शेजारच्या शिमोकाकाला नेलं होतं. शिमो जातीचा खितान, तोंडाचा सैल. परत आल्यावर त्याने अख्ख्या गल्लीला गोष्ट सांगितली.

"मला म्हणाले, विचार याला, नियम ठाऊक होता का. त्याची भाषा मला येते चार शब्द. त्यातला एक मीठ. मी काहीतरी विचारलं, तो काहीतरी रडला. मी सांगितलं, नाही म्हणतोय. सोडला. पण आता जन्मभर कुठल्या डेऱ्यात पाऊल ठेवायचं नाही. परदेशी असण्याचा हा एवढाच फायदा बघा, मूर्ख म्हणून सोडून देतात."

सगळे हसले होते. वान्यांगही.

आ-ल्यू झोपला तेव्हा देगुईने लाकूड उचलून चुलीत सारलं.

"तू अशी बसू नकोस," तो म्हणाला. "मयतीला जायचंय का उद्या?"

"मी काही म्हटलं का?"

"म्हणत नाहीस तेच. हे बघ." त्याने हात पुढे केले. "माझ्या बापाचे असेच होते. याचेही असेच होतील, आणि याच्या पोराचेही. कारागिराचं पोर कारागीर, असा आपल्या घरावर शिक्का आहे. खातून त्याला घोड्यावर बसवणार आहे, वान्यांग. माणसं देणार आहे हाताखाली. आपण सात जन्म झिजलो असतो तरी ह्याला ते देता आलं असतं का?"

"त्याला आपण आठवू?"

"नाही. दीड वर्षाचं पोर, काय आठवणार. पण कुणीतरी सांगेल की, तुझे आईबाप अमुक गावी आहेत म्हणून."

"कोण सांगेल?"

देगुईने लाकूड आत ढकललं. ते पेटायला वेळ लागला.

"आणि नाही म्हणायचं म्हटलं तरी कुणाला म्हणणार?" तो हळू म्हणाला. "तू आणि पोर तिची माणसं. तिच्या घोड्यांसारखी."

हे खोटं नव्हतं. दक्षिणेतलं त्यांचं चिनी शहर मंगोलांच्या हाती पडलं तेव्हा कारागीर तेवढे वेगळे काढून उत्तरेला हाकलले गेले, त्यात पंधरा-सोळा वर्षांची वान्यांग होती, कारण तिच्या बापाने ओरडून सांगितलं होतं की पोरीच्या हातात सुई आहे. इथे वाटणी झाली, आणि ती हजार स्वारांच्या एका सरदाराच्या वाट्याला आली. सरदार मेला. त्याची बायको नोमोलुन मागे राहिली, आणि तिच्या उंच टोपीवर रेशमाची फुलं भरायला डेऱ्याच्या पूर्वेच्या अंगाला, बायकांच्या बाजूला, वान्यांगला जागा मिळाली.

पहिल्या हिवाळ्यात तिला तीनच शब्द कळत. बस, खा, दोरा. बाकीचे नोमोलुनने शिकवले, तेही शिव्या घालून. वान्यांग एखादा शब्द नाकातून काढी तेव्हा खातून पोट धरून हसे आणि दासींना बोलावून पुन्हा म्हणायला लावी. मग वान्यांगच उलट बोलायला शिकली. खातून घोरते कशी हे तिने एकदा करून दाखवलं, तेव्हा दासी भीतीने गार झाल्या होत्या आणि खातूनने हातातला वाळल्या दह्याचा खडा तिला फेकून मारला होता. सुई चालत राही आणि दोघी बोलत राहत. खातूनचा एकुलता एक मुलगा पश्चिमेच्या मोहिमेत नदी ओलांडताना गेला, त्याच्या घोड्याचा रंग कसा होता, हे वान्यांगला ठाऊक होतं. वान्यांगचं एक मूल जन्मताच गेलं आणि दुसरं काही महिन्यांचं होऊन. ते दुसरं गेलं, त्या दिवशी खातून गाडीत बसून कारागिरांच्या गल्लीत आली होती. मेंढीच्या रश्शाचं भांडं घेऊन. संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिली, एक शब्दही न बोलता, आणि गल्लीतल्या लोकांना कुठून जावं ते कळेना.

तिसरं झालं तेव्हा वान्यांगने त्याचं नाव आ-ल्यू ठेवलं. राहणारा.

तो पहिल्यांदा चालला तो खातूनच्याच डेऱ्यात. सुईकामाच्या गठ्ठ्यापासून विस्तवापर्यंत. खातूनने त्याला विस्तवाच्या अलीकडे झेललं, टाळू हुंगली आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. त्यानंतर काही दिवस ती गप्प गप्प होती. मग एका दुपारी म्हणाली,

"हे पोर माझ्याकडे राहू दे, सुईवाली."

"राहू दे की. रस्सा सांडेल तेव्हा कळेल. मी संध्याकाळी नेते."

"संध्याकाळी नाही."

वान्यांगने सुईकामातून मान वर केली.

"माझ्या विस्तवाला राखणारा कुणी नाही," नोमोलुन म्हणाली. "मी गेले की दिराची माणसं डेऱ्याचे लोकरी नमदेसुद्धा वाटून घेतील. बर्फ वितळलं की मी उत्तरेला जाणार, माझ्या माहेरच्या कुरणांवर, कायमची. पांढरा महिना लागला की, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी याला आत घेईन. सगळ्यांसमोर."

"मी पण येते मग," वान्यांग म्हणाली. तिला वाटलं, आपण अगदी सहज बोललो.

"तुझा नवरा खानाच्या भट्टीवर आहे. त्याला कोण सोडतंय? आणि तुला एकटीला नेली तर लोक म्हणतील, दाई आणलीय. ज्या पोराची आई घरात दाई, ते पोर घराचा मुलगा होत नाही गं." तिने हात लांब करून वान्यांगच्या मांडीवर ठेवला. "त्याला कशाला कमी पडू देईन का मी?"

ती परवानगी मागत नव्हती. पण तिच्या आवाजात असं काही होतं की वान्यांगला तिचा राग करता आला नाही, आणि तेच सर्वांत वाईट होतं.

सकाळी खातूनची गाडी आली. देगुईला भट्टीवरून सुट्टी नव्हती. त्याने आ-ल्यूला उचललं, गालाला गाल लावला, मग दाढी टोचते म्हणून दूर धरलं. "चांगला चाल रे," एवढंच म्हणाला आणि मागे न बघता गेला.

नदीकाठच्या छावणीत सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. बर्फावर पांढरे कपडे, पांढरे घोडे. वान्यांगचे डोळे दुखायला लागले. डेऱ्यासमोर बोरोल्दाइ उभा होता. त्याचे बूट नवे होते आणि ते करकरत.

"काय द्वारपाल," वान्यांग सवयीने म्हणाली, "बुटांत उंदीर पाळलेत का?"

"तुझी जीभ कापून तुझ्या पोराला खेळायला देईन एक दिवस," तो म्हणाला, पण रागावला नव्हता. तो वाकून आ-ल्यूकडे बघू लागला. "हे बघ, नीट ऐक. पोर आपल्या पायांनी आत येईल. उचलून आणलेलं ते लुटीचं, चालत आलेलं ते घरचं. तू मागे. खांद्यावर हात ठेवलास तर चालेल. आत गेलं की खातून त्याच्या ओठांना चरबी लावेल, थोडी विस्तवात टाकेल, की झालं."

"आणि उंबऱ्याला पाय लागला तर?"

"तर विस्तवाने त्याला नाकारलं."

"मग दुसऱ्या दिवशी पुन्हा?"

"विस्तवाला दोनदा विचारत नाहीत. ते पोर मग या घराचं कधीच नाही." तो सरळ झाला. "आणि तुझी पाठ आहेच. पण घाबरतेस कशाला? चांगला चालतो की. मी बघतो ना रोज, बकऱ्यासारखा उडी मारून जातो."

"कधीच नाही?" वान्यांगने विचारलं.

"कधीच नाही."

ती खाली बसली आणि आ-ल्यूच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. गाठ एकदा घट्ट झाली, एकदा सैल. हनुवटीखाली बोट घालून तिने पाहिलं. मग पुन्हा सोडली.

"चल आता," बोरोल्दाइ म्हणाला. "आत थांबलेत सगळे."

त्याने दाराचा नमदा वर धरला. आत पश्चिमेच्या अंगाला दिराची माणसं बसली होती, पूर्वेला बायका. मधे विस्तव. त्यापलीकडे नोमोलुन, डोक्यावर ती उंच टोपी, जिच्यावरची अर्धी फुलं अजून भरायची होती. खातूनने हात पुढे केले. आ-ल्यूने तिला ओळखलं आणि तो हसला.

तो उंबऱ्यापाशी आला. थांबला. लाकडाकडे पाहिलं, मागे वळून आईकडे पाहिलं, आणि गुडघा पोटाशी घेऊन पाय उचलला, शिकवल्यासारखा, हवा होता त्याहून वीतभर उंच.

वान्यांगचा हात त्याच्या खांद्यावर होता. तिने तो दाबला.

पोराची टाच उंबऱ्यावर टेकली. त्याचा सगळा भार त्या टाचेवर आला, मग तो आत पडला, हातांवर, आणि रडायचं की नाही ते ठरवत तसाच राहिला.

सगळे त्या टाचेकडे बघत होते. नोमोलुन तेवढी वान्यांगच्या हाताकडे बघत होती.

बोरोल्दाइने वान्यांगच्या मानेमागचा कपडा धरून तिला उंबऱ्यावरून उचलून आत घेतलं आणि विस्तवासमोर गुडघ्यांवर बसवलं. एका दासीने आ-ल्यूला ओढून बायकांच्या बाजूला नेलं. पश्चिमेच्या अंगाला कुजबुज झाली. एक म्हातारा म्हणाला, "बरं झालं. विस्तवाला कळतं." दुसरा म्हणाला, "काठ्या आणा."

वान्यांग नोमोलुनकडे बघत राहिली. काही सांगता आलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"परदेशी बाई आहे," नोमोलुन म्हणाली. "तिला काय कळतंय आपलं?"

बोरोल्दाइला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "खातून?"

"शिमोला बोलाव. परदेशी माणसाला दुभाषी लावून विचारायचं असतं. आधी विचारायचं, मग मारायचं."

"खातून, ही इथे किती वर्षं—"

"मेंढ्याही किती वर्षं आहेत. बोलायला लागल्या का?"

"आत्ता दारात ही मला बुटांवरून चिडवत होती."

"कुठल्या भाषेत?"

बोरोल्दाइने आपल्या बुटांकडे पाहिलं. दिराकडचं कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं.

शिमो मेजवानीच्या डेऱ्यातून आला, बाहीने ओठांची चरबी पुसत. त्याने उंबरा सांभाळून ओलांडला, आधी वान्यांगकडे पाहिलं, मग खातूनकडे.

"शिमो," नोमोलुन म्हणाली, "या बाईला आपली भाषा येत नाही."

शिमोचं तोंड उघडं राहिलं. मागच्याच महिन्यात घोडीच्या खोगिराच्या शब्दावरून वान्यांगने त्याची चूक काढली होती आणि सगळ्या गल्लीसमोर त्याला ती कबूल करावी लागली होती.

"नाही, खातून," तो म्हणाला. "एक अक्षर नाही."

"विचार तिला. उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, हा आमचा नियम तिला ठाऊक होता का."

शिमो वान्यांगजवळ येऊन खाली बसला आणि चिनीत, हात जोरजोरात हलवत, बोलू लागला. "काय गं बाई हे करून बसलीस? नाही म्हण. मान हलव, रड, काय हवं ते कर, पण नाही म्हण. इकडेतिकडे बघू नको, माझ्या तोंडाकडे बघ."

"नाही," वान्यांग चिनीत म्हणाली.

"मोठ्याने."

"नाही. मला माहीत नव्हतं."

शिमोने मंगोलीत सांगितलं. "म्हणते, माहीत नव्हतं. म्हणते, फार वाईट वाटतं."

ते दुसरं वाक्य ती बोलली नव्हती. नोमोलुनने मान हलवली.

"तर मग परदेशी म्हणून सोडली. पोर या विस्तवाचं नाही, ते तिचं तिने घेऊन जावं." ती दिराकडच्या माणसांकडे बघून बोलत होती, स्पष्ट आणि संथ, निकाल सांगावा तशी. "आणि यापुढे ही बाई कुठल्याही डेऱ्यात पाऊल ठेवणार नाही. माझ्याही."

वान्यांगने ते सगळं ऐकलं. मग ती शिमोच्या तोंडाकडे बघत बसली, आणि शिमोने ते तिला पुन्हा सांगितलं. सांगताना त्याचा आवाज शेवटी जरा उतरला.

"विचार तिला," खातून म्हणाली, "माझ्या टोपीचं काम अर्धं राहिलंय. त्याचं काय?"

शिमोने विचारलं.

"सांगा, घरी पाठवलीत तर मी पुरी करून देईन. बर्फ वितळायच्या आत," वान्यांग चिनीत म्हणाली.

शिमोने सांगितलं. नोमोलुनने टोपीला हात लावला. रेशीम जिथे संपत होतं ती जागा तिच्या बोटांना न बघता सापडली.

"नको," ती म्हणाली. "असू दे अर्धीच."

वान्यांग पुढे वाकली आणि तिने कपाळ नमद्याला टेकलं. नमद्याला धुराचा आणि मेंढीच्या लोकरीचा वास होता. तिला आता फक्त लोकरीचे धागे दिसत होते, अगदी जवळून. ती तशी असतानाच तिच्या मागून बूट करकरले आणि थांबले.

"त्या पोराने तोंडात काय घातलंय?" बोरोल्दाइ म्हणाला. मंगोलीत, साध्या आवाजात, कुणालाच उद्देशून नाही. "सुई दिसतेय."

वान्यांगच्या पाठीत काहीतरी ताठ झालं. ते कपड्यातून दिसलं असेल का?

सकाळी पोराच्या टोपीची नाडी शिवायला तिने एक सुई काढली होती. ती परत खोचली होती का? गळ्यातल्या सुयांच्या पिशवीला हात लावला की कळलं असतं. हात हलवता येत नव्हता. तिच्या उजवीकडे, बायकांच्या बाजूला, आ-ल्यू गप्प होता. मघाशी तो कुरकुरत होता. आता अजिबात आवाज नव्हता, आणि तो असा गप्प झाला की त्याच्या तोंडात काहीतरी असतं, हे जगात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. चुलीतला कोळसा असे. बापाच्या भट्टीतला खडा असे. एकदा मेलेली माशी होती. दर वेळी ती धावली होती, भात सांडून, दूध सांडून, कपडा पेटायची पर्वा न करता.

बूट तिच्या अगदी मागे होते. बोरोल्दाइ पोराकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. तिला ते मानेवर कळत होतं. ती वळली की तिला मंगोली कळतं हे सगळ्यांसमोर उघड होणार होतं. उंबरा त्याच्या राखणीत होता, आणि दिराची माणसं उद्या त्यालाच विचारणार होती.

शिमोने सांगायला हवं होतं. शिमो बोलत नव्हता. तोही पोराकडे बघत असावा.

ती लोकरीच्या एका धाग्याकडे बघत राहिली. तो विस्तवाच्या उष्णतेने हलत होता. की तिच्या श्वासाने.

मग वरच्या बाजूला रेशीम सळसळलं. खातून आपल्या जागेवरून कुणासाठी उठत नसे. खानाचा दूत आला तेव्हा उठली होती. तिची पावलं विस्तवाला वळसा घालून आली, वान्यांगच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेली, जरा घाईने, आणि बायकांच्या बाजूला थांबली. गुडघे टेकल्याचा आवाज झाला. उंच टोपी वाशांना लागली असावी. कुणीतरी दासी पुटपुटली.

"आ कर," नोमोलुन म्हणत होती. "आ कर रे माझ्या राजा. दाखव. जीभ वर."

आ-ल्यूने विरोधाचा आवाज काढला. मग खातून हलकेच ओरडली, "चावतोस?"

विस्तवातली एक शेणी मोडून पडली.

"सुई नाही," नोमोलुन म्हणाली. तिचा आवाज वान्यांगकडे वळला होता, पण ती बोलत होती बोरोल्दाइशी. "चामड्याचा तुकडा चघळत होता. ऐकलंस का, द्वारपाल? काही नाही त्याच्या तोंडात. वरची दाढ येतेय, हिरडी सुजलीय, म्हणून मिळेल ते चावतोय."

थोड्या वेळाने बोरोल्दाइचे बूट करकरत दाराकडे, आपल्या जागी गेले.

वान्यांगने कपाळ उचललं नाही. तिला ते उचलायला अजून काही कारण मिळालं नव्हतं.

"शिमो," खातून म्हणाली.

"जी."

"तिला सांग ना. दाढ येतेय म्हणावं. रात्री ताप येईल थोडा, रडेल. घाबरायचं नाही. गार चमचा लावायचा हिरडीला."

शिमो खाकरला आणि चिनीत सांगू लागला, दाढेचं, तापाचं, चमच्याचं. वान्यांग नमद्यावर तशीच वाकून एकेक शब्द ऐकत राहिली. तो पुरता बोलून थांबला, तेव्हा तिने डोकं वर केलं आणि, आत्ताच कळल्यासारखी, मुलाकडे वळली.